स्पीकर एका घरचे, टीव्ही दुसऱ्या घरचा

टीव्ही सात-आठ वर्षांत बदलला जातो. पडद्याची चमक कमी होते, ओटीटीची ॲप्स चालेनाशी होतात, किंवा घरच्यांना मोठा पडदा हवासा वाटतो. चांगल्या स्पीकरचं आयुष्य याहून कितीतरी मोठं असतं. डेन्मार्कमधल्या स्ट्रुअर गावी १९२५ साली सुरू झालेल्या बँग अँड ओलुफसन कंपनीचा बिओलॅब ८००० हा स्पीकर १९९२ साली बाजारात आला. डेव्हिड लुईस यांनी घडवलेला, धातूच्या उभ्या नळीचा हा स्पीकर तीस वर्षांनंतरही अनेक घरांत वाजतो आहे. त्याला पहिल्यांदा जोडलेला टीव्ही केव्हाच भंगारात गेला असेल.

म्हणजे काही लाख रुपये मोजून वायरलेस स्पीकरची जोडी घेणाऱ्याच्या घरात त्या जोडीच्या हयातीत तीन-चार टीव्ही येऊन जाणार. ते सगळे स्पीकरवाल्याच कंपनीचे असतील ही शक्यता जवळपास नाहीच, कारण उत्तम स्पीकर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या टीव्ही बनवतच नाहीत. केईएफचा टीव्ही नाही, बॉवर्स अँड विल्किन्सचा नाही, देवियालेचा नाही, सोनॉसचा नाही. बँग अँड ओलुफसनने टीव्ही बनवले. पण २०१७ च्या बिओव्हिजन एक्लिप्समध्ये पडदा एलजीचाच होता. तेव्हा परक्या टीव्हीशी जुळवून घेणं हे या स्पीकरांच्या नशिबी पहिल्यापासूनच आहे. म्हणून माझा आग्रह असा की स्पीकर निवडताना आजचा टीव्ही कोणता आहे याला फार महत्त्व देऊ नये. आवाज कोणत्या वाटेने स्पीकरमध्ये शिरणार आहे आणि ती वाट पुढच्या टीव्हीतही असेल का, हे आधी पाहावं.

दुकानात विचारलं की “होईल ना कनेक्ट” असं उत्तर मिळतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. आवाज येतो. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात: तो किती उशिरा येतो, आणि कमी-जास्त कोणत्या रिमोटने होतो? हे दोन जमले नाहीत तर घरातली वडीलधारी माणसं आणि मुलं काही दिवसांतच टीव्हीच्या स्वतःच्या बारीक स्पीकरवर परत जातात, आणि महागडी जोडी फक्त रविवारी गाणी ऐकायला उरते.

आधी ‘वायरलेस’ या शब्दाखाली काय काय विकलं जातं ते पाहू. विजेची वायर प्रत्येक स्पीकरला लागतेच, कारण ॲम्प्लिफायर त्याच्या पोटात असतो. त्यामुळे प्रत्येक कोपऱ्यात प्लग पॉइंट हवा. ही बाब बहुतेकांच्या लक्षात फर्निचर पूर्ण झाल्यावर येते. दुसरं म्हणजे वायर नेमकी कोणत्या दोन वस्तूंमधली गेली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. केईएफच्या एलएस५० वायरलेस २ या २०२० च्या जोडीत दोन स्पीकर आपसात हवेतून बोलतात, पण टीव्हीपासून मुख्य स्पीकरपर्यंत एचडीएमआयची वायर न्यावी लागते. याच जोडीच्या पहिल्या आवृत्तीला एचडीएमआय नव्हतंच. टीव्हीसाठी ऑप्टिकलवर भागवावं लागे. बॉवर्स अँड विल्किन्सच्या २०१९ च्या फॉर्मेशन ड्युओ या देखण्या जोडीला टीव्हीची वायर खोचायला जागाच नाही. त्यासाठी त्याच कंपनीचा वेगळा डबा किंवा साउंडबार घ्यावा लागतो. ॲपलच्या होमपॉडला तर विजेच्या वायरीशिवाय काहीच नाही. तिन्ही ‘वायरलेस’च, पण तिघांना टीव्हीशी जोडायची रीत तीन तऱ्हांची.

आता वेळेचा प्रश्न, जो या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

पडद्यावरचे ओठ आणि कानावरचा आवाज यांच्यात किती अंतर माणसाला जाणवतं, याचा अभ्यास प्रक्षेपणाच्या क्षेत्रात फार पूर्वी झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला ते कळू लागतं. युरोपीय प्रक्षेपण संघाने मर्यादा आणखी कडक ठेवली आहे: ४० पुढे, ६० मागे. मागे पडलेला आवाज आपण जास्त सोसतो, कारण निसर्गात तसंच घडतं. नदीच्या पलीकडच्या काठावर धुणं आपटलेलं आधी दिसतं, आवाज मग येतो. हवेतून आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाला दहा-बारा मिलिसेकंदांचा उशीर कुठल्याही खोलीत असतोच, आणि तो कुणाला खटकत नाही.

या मोजपट्टीवर वेगवेगळ्या वाटा ठेवून पाहाव्यात. साध्या ब्लूटूथला दीडशे ते दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त लागतात. वाय-फायवरून घरभर गाणी पोचवणाऱ्या एअरप्लेसारख्या व्यवस्था तर सुमारे दोन सेकंदांचा साठा आधी जमवून मग वाजवतात, म्हणजे मध्ये माहितीचं एखादं पाकीट हरवलं तरी गाणं तुटत नाही. गाण्यासाठी ही उत्तम सोय आहे, टीव्हीसाठी निरुपयोगी. खास टीव्हीसाठी बनवलेली वायसा ही वायरलेस पद्धत साधारण पाच मिलिसेकंदांत काम उरकते. एचडीएमआय आणि ऑप्टिकल वायरींचा स्वतःचा उशीर नगण्य असतो. पण वायर संपल्यावर स्पीकरच्या आत डॉल्बी उलगडण्यात आणि आवाजावर संस्कार करण्यात वेळ जातो. काही उंची स्पीकर वरच्या आणि खालच्या स्वरांची वेळ जुळवण्यासाठी आवाज मुद्दाम थोडा अडवून धरतात. संगीत ऐकताना हा त्यांचा गुण असतो, बातम्या पाहताना दोष. असे स्पीकर घेताना त्यांच्यात टीव्हीसाठी कमी उशिराची वेगळी सेटिंग आहे का हे विचारून घ्यावं.

उशिराच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवायला हवी. आवाज थांबवून धरता येतो, वेळेच्या आधी आणता येत नाही. टीव्हीच्या सेटिंगमधलं ‘एव्ही सिंक’ आवाज आणखी मागे ढकलतं, म्हणून आवाज चित्राच्या पुढे धावत असेल तेव्हाच ते कामाचं. आवाज मागे पडत असेल तर एकच उपाय उरतो, चित्र थांबवणं. हे काम चित्र पाठवणाऱ्या यंत्रालाच जमतं. ॲपल टीव्हीचा डबा स्वतःच्या ॲपमधला सिनेमा दाखवताना तेच करतो. आयफोनच्या मायक्रोफोनने उशीर मोजून चित्र-आवाज जुळवून देण्याची सोयही त्यात आहे. पण चित्र सेट-टॉप बॉक्समधून किंवा गेमच्या डब्यातून थेट टीव्हीत शिरत असेल तर ते अडवायला वाटेत कुणीच नसतं. एकाच स्पीकरवर नेटफ्लिक्स सुरेख जुळतं आणि डीटीएचवरचं चॅनेल जुळत नाही, अशा तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. त्यातच टीव्ही स्वतःही चित्र सफाईदार करण्यात वेळ घालवतो आणि गेम मोडमध्ये तो वेळ कमी करतो, म्हणून मोड बदलला की जुळणीही बदलते.

तपासणीसाठी सिनेमा घेऊ नये. त्यात कॅमेरा ओठांवर फार वेळ टिकत नाही. बातम्या देणारा चेहरा बरा, त्याहून बरं तबल्याचं एकलवादन. थाप पडताना दिसते आणि बोल कानावर येतो, त्यात जरा अंतर पडलं तरी ऐकणारा अस्वस्थ होतो.

वाटांपैकी ब्लूटूथवर फार शब्द खर्च करायचं कारण नाही. टीव्हीत ब्लूटूथ आहे आणि स्पीकरमध्येही आहे म्हणून ती वाट सगळ्यांना आधी सुचते. पण फक्त दोन चॅनेल, दाबून बारीक केलेला आवाज आणि वर उशीर. कमी उशिराची ॲप्टएक्सची पद्धत सुमारे ४० मिलिसेकंदांवर येते. मात्र ती दोन्ही बाजूंना असावी लागते, आणि बहुतेक टीव्हींमध्ये ती नसते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओमुळे हे चित्र पुढे बदलू शकेल. आज मात्र लाखाच्या स्पीकरला ब्लूटूथवर चालवणं म्हणजे त्यातला बराचसा पैसा वाया घालवणं आहे.

ऑप्टिकल ही वाट तोशिबाने १९८३ साली आणली आणि ती अजूनही विश्वासू आहे. दोन चॅनेलचा स्वच्छ पीसीएम आवाज किंवा दाबलेला डॉल्बी ५.१ तिच्यातून जातो. एचडीएमआयमध्ये दोन यंत्रांची ओळखपाळख जमली नाही तर जे घोळ होतात ते हिच्यात होत नाहीत. उणीव एकच, पण रोजची: तिच्यातून हुकूम जात नाही. टीव्हीच्या रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबलं तरी स्पीकरला पत्ता नसतो. स्पीकर टीव्हीच्या रिमोटचे इन्फ्रारेड इशारे शिकणारा असेल तर काम भागतं, नाहीतर हातात दोन रिमोट.

म्हणून परक्या टीव्हीसाठी आज सर्वांत भरवशाची वाट एचडीएमआय आर्क हीच. २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये ही सोय आली. एरवी टीव्हीकडे येणाऱ्या वायरीतूनच टीव्हीचा आवाज उलट दिशेने बाहेर जाऊ लागला, आणि त्याच वायरीतून सीईसी नावाचे हुकूमही जातात. टीव्ही लावला की स्पीकर जागा होतो, एकाच रिमोटने आवाज बदलतो. यातली मेख अशी की प्रत्येक कंपनीने सीईसीला स्वतःचं नाव दिलं. सॅमसंगमध्ये ते ॲनिनेट प्लस आहे, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक. नाव वेगळं म्हणजे आपल्याच कंपनीची वस्तू लागेल, असा समज ग्राहकाचा होतो आणि तो दूर करायची तसदी विक्रेता घेत नाही. आवाज आणि चालू-बंद एवढे मूळ हुकूम सगळ्यांमध्ये सारखे असतात. सेटिंगमध्ये जाऊन ते नाव शोधायचं आणि सुरू करायचं, वायर ‘आर्क’ लिहिलेल्याच खाचेत खोचायची. निम्म्याहून जास्त गोंधळ या दोन गोष्टींनी मिटतात असं माझं मत आहे.

पुढची पायरी इ-आर्क, जी २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आली. साध्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल प्लसइतका दाबलेला आवाज जातो. इ-आर्कमधून ब्लू-रेवरचा पूर्ण डॉल्बी ट्रूएचडी आणि न दाबलेले आठ चॅनेलही जातात, शिवाय ओठ-आवाज जुळणीची दुरुस्ती त्यात सक्तीची आहे. पण ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस हा डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच बांधलेला असतो, नेटफ्लिक्सवर जास्तीत जास्त सेकंदाला ७६८ किलोबिट. आपल्याकडे ब्लू-रे डिस्क लावणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून फक्त ओटीटी आणि डीटीएच पाहणाऱ्याने इ-आर्कसाठी चांगला टीव्ही बदलू नये. नवा घ्यायचाच असेल तर मात्र त्यात इ-आर्क असलंच पाहिजे.

इथेच एक सूचना, जी स्पीकरच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असते. स्पीकर दोनच असतील, म्हणजे केईएफसारखी स्टिरिओ जोडी असेल, तर टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावं. ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ ठेवलं तर डॉल्बी न समजणारा स्पीकर गप्प बसतो, आणि माणूस वायर बदलत राहतो. पेनड्राइव्हवरच्या सिनेमाला आवाजच येत नाही, हे दुखणं वेगळं. त्यातला आवाज बऱ्याचदा डीटीएस या पद्धतीत बांधलेला असतो, आणि सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींतून डीटीएसचा आधार काढून टाकला. तिथे स्पीकर कितीही भारी असला तरी टीव्ही त्याच्यापर्यंत आवाज पोचवणारच नाही.

खऱ्या अर्थाने वायरलेस, म्हणजे टीव्हीच्या बाजूपासून प्रत्येक स्पीकरपर्यंत हवेतून, असा मोठा प्रयत्न वायसाने केला, आणि तो मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. २०११ साली समिट सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीने पुढाकार घेऊन ही संघटना उभी केली. २४ बिटचा न दाबलेला आवाज, आठपर्यंत चॅनेल, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, आणि स्पीकरांमधली जुळणी मायक्रोसेकंदांच्या पातळीवर. विचार असा की एका कंपनीचा टीव्ही आणि दुसऱ्या कंपनीचे स्पीकर कुणालाही न विचारता एकमेकांशी बोलावेत. बँग अँड ओलुफसनने २०१३ मध्ये बिओलॅब १७, १८ आणि १९ हे तीन स्पीकर याच पद्धतीवर काढले. क्लिप्श, हार्मन कार्डन, एन्क्लेव्ह हेही आले. २०१९ मध्ये एलजीने आपल्या ओएलईडी टीव्हींवर ‘वायसा रेडी’ हा शिक्का लावला, तेव्हा कुंपण मोडलं असं वाटलं होतं.

तसं घडलं नाही, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. ‘रेडी’चा अर्थ टीव्हीच्या आत ट्रान्समीटर आहे असा नव्हता. यूएसबीत खोचायचा वेगळा डोंगल विकत घ्यावा लागे. इतर बहुतेक मोठ्या टीव्ही कंपन्यांनी ही पद्धत मनावर घेतली नाही, बहुधा त्यांना स्वतःचे साउंडबार विकायचे होते म्हणून. सॅमसंगचं क्यू-सिम्फनी, एलजीचं वाव ऑर्केस्ट्रा या सोयी टीव्ही आणि साउंडबार एकाच घरचे असतील तरच चालतात. २०२१ मध्ये साउंडसेंड नावाचा छोटा ट्रान्समीटर आला, जो कुठल्याही टीव्हीच्या आर्क किंवा ऑप्टिकलमधून आवाज घेऊन वायसा स्पीकरांना पाठवतो. परक्या टीव्हीच्या प्रश्नाला हे अतिशय नेमकं उत्तर होतं. पण मूळ कंपनीची वाट बदलत गेली. तिचं नाव २०२२ मध्ये वायसा टेक्नॉलॉजीज झालं आणि २०२५ मध्ये डेटाव्हॉल्ट एआय. नावावरूनच लक्ष कुठे वळलं ते कळतं. वायसाचे स्पीकर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी चालू स्थितीतला एखादा ट्रान्समीटर जपून ठेवावा. ज्यांना नवे घ्यायचे आहेत त्यांनी त्या स्पीकरला मागे वायरीचीही सोय आहे ना, हे पाहून घ्यावं.

बँग अँड ओलुफसनचे स्पीकर ज्यांच्याकडे आहेत त्यांना वायरीची ही सोय लाभली आहे. त्या कंपनीची पॉवर लिंक ही जुनी वायरची पद्धत मुळात साधा ॲनालॉग आवाज आणि चालू-बंदचा इशारा वाहते. त्यामुळे १९९२ चा स्पीकर योग्य वायर करून घेतली तर हेडफोनची खाच असलेल्या आजच्या कुठल्याही टीव्हीवरही वाजू शकतो. वायरलेस नसलेल्या जुन्या बिओलॅबना हवेतून जोडायला कंपनीने ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडीही काढली होती. आणि २०२२ मध्ये आलेला बिओसाउंड थिएटर हा साउंडबार तर याच प्रश्नासाठी घडवला आहे. पडदा कुणाचाही असो, त्याला इ-आर्कने जोडायचं, आणि थिएटरने पुढे वायसा किंवा पॉवर लिंकवरून नवे-जुने बिओलॅब सांभाळायचे. किंमत फार आहे, पण टीव्ही बदलत राहणार आणि स्पीकर राहणार हे एका कंपनीने मान्य करून वस्तू घडवली, याचं मला कौतुक वाटतं. सोनॉसचे साउंडबारही आर्कमधून कुठल्याही टीव्हीशी जमवून घेतात. फक्त मागचे स्पीकर आणि सबवूफर सोनॉसचेच लागतात, दुसऱ्या कुणाला तिथे प्रवेश नाही.

ॲपलची वाट थोडी आडवळणाची, पण चालते. २०२१ च्या ॲपल टीव्ही ४के डब्यापासून टीव्हीचा आवाज आर्कने त्या डब्यात घेऊन होमपॉडच्या जोडीवर वाजवता येतो. म्हणजे सोनीचा टीव्ही, डीटीएचचा बॉक्स, आणि आवाज होमपॉडवर. यासाठी मोठे होमपॉड लागतात, मिनी चालत नाहीत, आणि डबा काढला की सगळं संपतं. डॉल्बीने २०२३ मध्ये जाहीर केलेलं फ्लेक्सकनेक्ट पहिल्यांदा टीसीएलने स्वीकारलं. त्यात स्पीकर खोलीत कुठेही ठेवले तरी टीव्ही त्यांची जागा ओळखून आवाज वाटून देतो. कल्पना छान आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे टीव्ही आणि स्पीकर तिच्यात खरोखर एकत्र नांदतील तेव्हाच ती आपल्या प्रश्नाचं उत्तर ठरेल.

हवेतून जाणाऱ्या आवाजाचं आपल्या घरांत काय होतं, तेही पाहायला हवं. भारतात ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विनापरवाना वापरासाठी खुला झाला, त्यामुळे अशी यंत्रं वापरायला इथे अडचण नाही. पण या लहरी विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतीपुढे थकतात. टीव्ही आणि स्पीकर एकाच खोलीत असतील तर उत्तम, मधे भिंत आली की आवाज तुटायची भीती. मुंबई-पुण्याच्या इमारतींत आजूबाजूच्या दहा घरांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असतात. राउटर टीव्हीच्या युनिटमध्ये, ट्रान्समीटरला खेटून ठेवू नये. जमेल तितका लांब आणि उंच न्यावा.

नवं घर बांधताना किंवा भिंती फोडून दुरुस्ती करताना टीव्हीच्या जागेपासून स्पीकरच्या जागेपर्यंत भिंतीतून एक रुंद पाइप टाकून घ्यावा, स्पीकर वायरलेस असले तरीही. इलेक्ट्रिशियन सवयीने विजेच्या तारेपुरता बारीक पाइप टाकतो आणि एचडीएमआयचं रुंद डोकं त्यातून जात नाही. वळणं गोलसर ठेवायला सांगावं, कारण ऑप्टिकलची वायर काटकोनात दुमडली की तिच्यातला प्रकाश पलीकडे पोचत नाही. पाइपमध्ये ओढायची दोरी आधीच सोडून ठेवावी, आणि प्लास्टर होण्याआधी तिला एक वायर बांधून ती पलीकडे निघते का, हे स्वतः उभं राहून पाहावं.